सांगण्यासारखी गोष्ट

वडीलधाऱ्या वाचकहो, उलटीतून रक्त पडण्याआधी कित्येकदा शौचाचा रंग पालटलेला असतो. नाशिकच्या पंचवटीत राहणाऱ्या माझ्या आत्याबाई गुडघेदुखीची गोळी रोज घेत, एकादशीला उपाशीपोटीही. चार दिवस त्यांना डांबरासारखे काळे, चिकट शौच होत होते. संकोचापायी त्या बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली. जठरातील आम्लाने रक्त असेच काळवंडते. दुर्बिणीच्या तपासणीत व्रण दिसला आणि त्याच वेळी रक्तस्राव थांबवता आला.

व्रण वेदनाशामकांनी होतो, तसा जंतूनेही. १९८२ साली ऑस्ट्रेलियात मार्शल व वॉरन यांना सापडलेला हा जंतू आज प्रतिजैविकांनी नाहीसा करता येतो. यकृत बिघडून अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटल्या, तर मात्र रक्त बहुधा लालभडक येते.

अशा वेळी घरच्यांनी १०८ला फोन करावा, रुग्णास कुशीवर निजवावे, पाणीही देऊ नये. चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. एरवीही शौचाचा रंग विचारण्यास लाजू नये. लोहाच्या गोळ्यांनीही तो काळा होतो खरा, पण तो निवाडा डॉक्टरांनी करावा. हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. तिच्या जोडीला जठर सांभाळणारे औषध हवे का, हे डॉक्टरांना विचारावे.