पाइपाचा हुकूम

पाइप ओढणाऱ्याला वाटतं, मालक आपण. प्रत्यक्षात हुकूम पाइपाचाच चालतो.

ब्रायरचंच बघा. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाची ही गाठ. फ्रान्समधल्या सेंट-क्लोदच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तिचे पाइप घडवले आणि जगाला वेड लावलं. नवा ब्रायर बिडाच्या तव्यासारखा आधी रुळवावा लागतो. सुरुवातीला वाटी तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरायची. तंबाखू खाली सैल, वर जरा घट्ट. पहिली काडी लावली की तंबाखू फुगून वर येते. तिला हलकेच दाबून बसवायचं, मग दुसरी काडी. पुढे आतून काजळीचा थर धरतो. नाण्याच्या जाडीइतका झाला की पुरे. जास्त झाला तर तापून वाटी तडकते. घाई करणाऱ्याची जीभ पोळते, आणि पोळायलाच हवी! एकदा ओढलेल्या पाइपाला दिवसभर विश्रांती हवी, नाहीतर पुढचा धूर आंबूस लागतो.

तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरचा मीअरशॉम याच्या अगदी उलटा. या पांढऱ्या मऊ दगडात काजळी साचू द्यायची नाही, वेळच्या वेळी पुसायची. तापलेल्या वाटीला बोटही लावायचं नाही. इतके लाड केले, की वर्षानुवर्षांनी तो मधाच्या रंगावर येतो. मिसूरीत दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचे पाइप करतात. त्यांचे मुळीच नखरे नाहीत.

आणि आपली चिलीम! हिला ना नळी, ना दांडी. तंबाखू घशात येऊ नये म्हणून आत एक खडा, निमुळत्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी, वर निखारा. दोन्ही हातांची पोकळ मूठ करून चिलीम उभी धरायची आणि मुठीच्या फटीतून ओढायचं. ओठ मातीला लागतच नाहीत, म्हणून तर ती चावडीवर हातोहात फिरायची. शिर्डीच्या द्वारकामाईत साईबाबांची चिलीमही अशीच भक्तांमध्ये फिरे. ब्रायरवाल्याचा घुटका इथे कामाचा नाही. छाती भरून दम मारावा लागतो, तेव्हा कुठे निखारा फुलतो. साहेबी पाइपाची सवय झालेला माणूस चिलमीच्या पहिल्याच झुरक्याला खोकून बेजार होतो.

साहेबी पाइपवाले त्यावर ऐटीत सांगतात, आम्ही धूर छातीत घेतच नाही. ओठांचा आणि तोंडाचा कॅन्सर त्यांनाही होतो.