द्वारकेची धूळ

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून बाबांचा २०१९चा लॅपटॉप ११वर नेला. तो तव्यासारखा तापायला लागला. "नवा घेऊ," मी म्हटलं. "तुझ्या पहिल्या पगाराचा आहे तो," बाबा एवढंच म्हणाले.

अपग्रेडनंतर काही दिवस इंडेक्सिंग चालतं, प्रोसेसर राबतो. ते थांबलं, तरी तापमान ९५ अंशांखाली येईना. शेवटी मागचे स्क्रू काढले. पंख्याच्या जाळीवर धुळीची चक्क गोधडी! आमची खिडकी द्वारका चौकावर. मुंबई-आग्रा आणि पुणे रस्त्यांची सहा वर्षांची वाहतूक आत साठलेली. थर्मल पेस्टही खडूसारखी सुकलेली. ती पुसून नवी लावली, पंखा बोटाने धरून ब्रश फिरवला.

आता ६८ अंश. बाबा तरीही अधूनमधून खाली हात लावून ताप बघतात.