गळ्यामागची गिटार

ब्लूजनं ब्रिटिश रॉकला काय दिलं, असं विचारलं की बहुधा यादीच पुढे येते. रोलिंग स्टोन्सनं नाव घेतलं ते मडी वॉटर्सच्या १९५० च्या गाण्यावरून, क्रीमनं रॉबर्ट जॉन्सनचं गाणं उचललं, लेड झेपलिननं विली डिक्सनचे शब्द. यादी खरी आहे, पण ही गाणी गिटारवर वाजवू पाहणाऱ्याच्या हाती तिच्यातून फारसं काही लागत नाही. वाजवणारा म्हणून माझं मत असं आहे, की ब्रिटिश पोरांना ब्लूजचा गळा साधला नाही, म्हणून गळ्याचं काम त्यांनी गिटारवर टाकलं. रॉकची गिटार जन्मली ती या अडचणीतून.

ब्लूजचं कडवं साधारणपणे चार-चार मात्रांच्या बारा आवर्तनांचं असतं. त्यात ओळी तीन, आणि दुसरी बहुतेकदा पहिलीच पुन्हा गायलेली. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार आवर्तनं येतात, पण गाणारा दोन-अडीच आवर्तनांतच ओळ संपवतो. उरलेली जागा वाद्याची. आपल्याकडे गायकानं सोडलेली जागा पेटीवाला भरतो, तसा हा सवाल-जवाब आहे. फक्त इथे जवाब नसेल तर सवालही अर्धाच राहतो. जॉन्सननं १९३६ मध्ये सॅन अँटोनिओत ‘क्रॉस रोड ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा गळा त्याचा आणि गिटारही त्याचीच. त्यामुळे आवर्तन कुठे लांबतं, कुठे आखडतं. मोजमाप ठरवतो त्याचा श्वास. क्रीमनं तेच गाणं १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मंचावर वाजवलं. तिघांना एकमेकांना धरून राहायचं तर मोजणी पक्की हवी, म्हणून बारा आवर्तनं काटेकोर झाली. एरिक क्लॅप्टन गायला, पण ते वादन आज ऐकलं जातं ते गिटारच्या दोन सोलोंसाठी.

असं होण्याचं एक कारण शिकण्याच्या पद्धतीत आहे. लंडनच्या आसपासच्या या पिढीचा मुख्य गुरू म्हणजे रेकॉर्ड. सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवून सोलोतला एकेक स्वर बोटांत बसवता येतो. हाउलिन वुल्फसारख्या ब्लूज गायकाचा गळा तसा बसवता येत नाही. जॉन मेयॉलबरोबरच्या १९६६ च्या अल्बममध्ये क्लॅप्टननं मुख्य गायक म्हणून एकच गाणं गायलं, तेही जॉन्सनचंच. पण त्याच अल्बममध्ये त्याची लेस पॉल गिटार मार्शल अ‍ॅम्प्लिफायर मोठ्यानं सोडून वाजते, तेव्हा स्वर विझत नाही. तो टिकतो, जाडसर होतो, ओढलेल्या तारेबरोबर मींड घेत वर सरकतो आणि शेवटी थरथरतो. दमदार गळ्याची ही सगळी कामं आहेत.

यावर कुणी म्हणेल, मोठ्या आवाजाची इलेक्ट्रिक गिटार तर शिकागोचीच. अगदी बरोबर. मडी वॉटर्स १९५८ मध्ये ती घेऊन इंग्लंडला आला, तेव्हा काही श्रोत्यांना तो गोंगाट वाटला होता. तार ओढणं आणि थरथरवणं हे तर बी. बी. किंगचंच देणं. पण किंग गाताना वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे; त्याची गिटार गळा थांबला की बोलते. फ्रेडी किंगच्या ‘हाइडअवे’त गळाच नाही हे खरं, पण ती आहे नाचायची आटोपशीर धून. क्लॅप्टननं तीही मेयॉलच्या अल्बममध्ये वाजवली. त्याच्या पुढच्या वाटचालीत मात्र सोलो ही गाण्यातली जागा राहिली नाही, गाणंच सोलोसाठी उभं राहिलं.

उचलेगिरीचा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मला मान्य आहे. लेड झेपलिनचं ‘होल लॉटा लव्ह’ १९६९ मध्ये आलं, तेव्हा त्यावर डिक्सनचं नाव नव्हतं. त्यानं १९८५ मध्ये दावा लावला आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. श्रेय न देणं हा अन्यायच होता. पण उचललं काय, हेही पाहायला हवं. गिटारचा तो रिफ जिमी पेजचा. उसना होता तो गळ्यासाठीचा मजकूर. गिटारला स्वतःची भाषा सापडली होती, गाणाऱ्याला अजून नाही.

सगळ्यांनीच जागा भरून टाकल्या, असं मात्र नाही. स्टोन्सच्या ‘लिटल रेड रूस्टर’मध्ये ब्रायन जोन्सची स्लाइड गिटार मिक जॅगरच्या ओळी संपेपर्यंत थांबते, आणि हे संथ ब्लूज १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. फ्लीटवुड मॅकचा पीटर ग्रीन तर मला या सगळ्यांत श्रेष्ठ वाटतो. मोठा आवाज त्यालाही उपलब्ध होता, तरी तो एक स्वर वाजवून थांबायचा आणि ऐकणाऱ्याला वाट पाहायला लावायचा. क्लॅप्टननंतर मेयॉलकडे आलेला हा माणूस जवाब द्यायला शिकला होता.

गिटार शिकणाऱ्यांना म्हणूनच माझी विनंती आहे. क्लॅप्टनचा सोलो बोटांत बसवण्याआधी मडी वॉटर्सच्या शिकागोतल्या रेकॉर्डी लावा, त्याची ओळ गुणगुणा, आणि ती संपेपर्यंत तारेला हात लावू नका.