शेषकाळातील सांदण

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, साधू-साध्वीजींचे विहार सुरू होतात, आणि अंबाडीसारख्या गावात पेढीवर बसलेल्या मंडळींनाही बाहेर पडावेसे वाटू लागते. तीर्थयात्रांची आखणी होतेच. परंतु आमच्या घरातील तरुणांनी या वेळी सांदण दरीचे नाव काढले आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटली. दरीत पाणी, शेवाळ, शिवाय रात्रीचा मुक्काम! शंका रास्तच होत्या.

ही दरी अकोले तालुक्यात, रतनगडाच्या शेजारी, साम्रद गावापाशी आहे. नाशिक महामार्गाने कसारा घाट चढावा, घोटीहून भंडारदऱ्याकडे वळावे. अंबाडीहून चार तासांच्या आसपास लागतात; आम्ही आदल्या दुपारीच भंडारदऱ्याला जाऊन राहिलो. परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून वनखात्याचे नियम पाळावे लागतात.

गावाबाहेर सपाट माळ आहे आणि त्याच माळाला एकाएकी चीर पडलेली दिसते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचा काळा पाषाण घडला. थंड होताना त्यात भेगा पडल्या आणि सह्याद्रीच्या पावसाने त्या खोल करीत नेल्या. भिंती दोनशे फुटांहून उंच. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की वाट भरावी इतके अंतर. माथ्यावर आकाशाची निळी पट्टी. ऊन फक्त माध्यान्हीच्या सुमारास खाली उतरते. हिवाळ्यात तेथील गारवा अंगात भरतो. पावसाळ्यात मात्र हीच वाट पाण्याच्या लोंढ्याची असते, तेव्हा तेथे पाऊल टाकणे म्हणजे जिवाशी खेळ.

दरीत शिरताच डबकी लागतात. अप्कायाचा विचार करणाऱ्या श्रावकाने त्यांत उतरावे का? साधूंनाही अपरिहार्य असेल तेव्हा नदी ओलांडण्याचा विधी शास्त्रात आहे, आणि पलीकडे जाऊन इरियावही करण्याचाही. पण आपले जाणे हौसेचे, अपरिहार्य नव्हे. हा भेद आजीने स्पष्टच सांगितला, आणि तो मला पटला. म्हणून आम्ही डिसेंबर टाळून माघाच्या अखेरीची तारीख ठरविली. तोवर पाणी ओसरते, शेवाळही बरेचसे वाळलेले असते. पहिल्या डबक्याच्या कडेच्या खडकांवरून, एकमेकांना हात देत आम्ही पलीकडे गेलो. दुसऱ्यापाशी मात्र कोरडी वाट नव्हती. तेथे मतभेद झाला. तिघे पुढे गेले, चौघे थांबले, आणि कोणी कोणाला टोकले नाही. थांबणाऱ्यांत धाकटी पुतणीही होती. पाठशाळेत इरियावही सूत्राचा अर्थ ती नुकतीच शिकली होती. दंव, शेवाळ, पाणी, ओली माती, कोळ्याचे जाळे असे सूत्रातील एकेक नाव घेत तिने तेवढ्याच जागेत त्यांतील बहुतेक सारे दाखविले!

चौविहाराचे गणित सोपे नसते. दरीत सूर्य फार लवकर दिसेनासा होतो, तेव्हा पंचांगातील सूर्यास्ताची वेळ लिहून न्यावी. तंबू ठोकून शेकोटीभोवती रात्री जेवण्याची तेथे प्रथा पडली आहे. ती आपल्यासाठी नाही. आमच्याकडे खाखरे, खजूर, तिळाची चिक्की (फाल्गुन चौमासीपूर्वी गेल्याचा हाही लाभ) आणि उकळलेले पाणी होते. साम्रदला आदल्या दिवशी सांगून ठेवले होते, म्हणून कांदा-लसणाविना पिठले-भाकरी वेळेत मिळाली. त्या माउलीने कारण विचारले नाही. फक्त, तव्यावरून उतरलेली भाकरी आधी आजीच्या ताटात वाढली.

पुढे गेलेल्या तिघांनी दरीच्या तोंडापर्यंत जाऊन पाहिले. तेथून पुढे दोर लावून उतरावे लागते, सोबत जाणकार वाटाड्या लागतो, आणि वाट शहापूर तालुक्यातील डेहणे गावाकडे, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यात निघते. त्या बाजूचे पाणी कोकणात जाते, तर मागे भंडारदऱ्याला अडविलेली प्रवरा गोदावरीस मिळते. ते तिघे कड्याच्या काठावर थोडा वेळ बसले आणि साडेतीनच्या आत परत फिरले, कारण जेवणासाठी सगळे त्यांची वाट पाहत होते.