पावसानं मागं ठेवलेला दगड

जुलै लागला की कोल्हापूरकर पाऊस फुटांत मोजतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. सकाळी दूध घालायला आलेला माणूससुद्धा आधी ‘किती फूट झालं?’ विचारतो आणि मग मापट्याला हात घालतो. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात. चार नद्यांची पंचगंगा कशी, असं पाहुण्यानं विचारलं तर पाचवी सरस्वती, ती गुप्त आहे, हे उत्तर ठरलेलं. मला ही गुप्त सरस्वती आवडते. या जिल्ह्याचं निम्मं पाणी खरोखरच दडून बसलेलं असतं. पश्चिमेच्या पठारांवर गेलं की ते पटतं.

जमिनीच्या पोटातलं पाणी म्हटलं की चुनखडीचे मुलूख डोळ्यांपुढे येतात. आंध्रातल्या बोरा गुहा, मेघालयातली मैलोन्मैल भुयारं. आपल्या नशिबी चुनखडी नाही. आपल्याकडे खाली लाव्ह्याचा काळा कातळ आणि त्याच्या माथ्यावर जांभ्याचं टोपडं. या जांभ्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. लाखो वर्षांच्या पावसानं काळ्या कातळातली सिलिका विरघळवली, कॅल्शियम नेलं, मॅग्नेशियम नेलं. लोह आणि ॲल्युमिनियम काही त्याला नेता येईना. ते राहिलं, गंजलं, एकमेकांना धरून घट्ट झालं. चुनखडीच्या मुलखात पाऊस दगड घेऊन जातो आणि पोकळी ठेवतो. इथं त्यानं बाकीचं सगळं नेलं आणि दगड ठेवला. तोही अखंड नाही. जांभ्याचा तुकडा हातात घ्या. बोट जाईल एवढी भोकं, त्यांतून वाकड्यातिकड्या नळ्या, नळ्यांच्या भिंतींवर पिवळट मातीचा लेप. वर ओतलेलं पाणी कुठल्या भोकातून बाहेर येईल याचा नेम नाही.

पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाई पठार आहे. रिल्समुळे आता ते सगळ्यांना ठाऊक झालंय; हिरवा गालिचा, ढग, छत्री घेतलेली मुलगी. मला त्या गालिच्यात गुडघे टेकून बघायला आवडतं. सप्टेंबरात कातळातल्या एका खळग्याशी बसा. खळगा ताटाएवढा, त्यात माती जेमतेम दोन बोटं. तेवढ्यात चार संसार थाटलेले असतात. कडेला गेंदाच्या पांढऱ्या गोळ्या, पाणी साचलंय तिथं सीतेच्या आसवांची निळीजांभळी फुलं आणि नशीब असेल तर दवबिंदू. या दवबिंदूच्या पानावर तांबूस केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलटाला तो थेंब गोड वाटतो आणि तिथंच त्याचा कारभार आटोपतो. सीतेची आसवंही साधी नाहीत. त्यांच्या पाण्याखालच्या इवल्या पिशव्या किडे ओढून घेतात. पावसानं मातीतलं सत्त्व आधीच धुऊन नेलेलं, नायट्रोजन नावाला नाही. मग झाडांनी शिकार धरली. एवढ्या नाजूक नावांची झाडं मांसाहारी निघावीत, हे कोल्हापूरच्या लौकिकाला धरूनच झालं म्हणायचं.

असाच वाकून बसलो असताना म्हशी हाकत आलेला एक धनगर मामा थबकला. “काय हरवलं काय गा?” फुलं बघतोय म्हटल्यावर तो हसला. “फुलं काय, आठ दिसांची. पाणी बघायचं तर खाली जावा. वरचं समदं हे पितंय आन् वाडीत सोडतंय.” एवढं बोलून तो म्हशींमागं गेला.

त्याचं म्हणणं भूगर्भशास्त्राला धरून होतं. जांभ्याच्या खाली मऊ चिकणमातीचा थर असतो. भोकाभोकांतून उतरलेलं पाणी त्या थरावर अडतं, आडवं सरकतं आणि पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. म्हणून वाड्या जांभ्याच्या पायथ्याशी सापडतात, माथ्यावर क्वचित.

पन्हाळाही असाच जांभ्याच्या माथ्याचा. १६६० साली सिद्दी जौहर सुमारे चार महिने गडाला वेढा घालून बसला होता. त्या वेढ्याच्या गोष्टीत आपण शिवा काशीद सांगतो, बाजीप्रभू सांगतो आणि सांगायलाच हवेत. पण चार महिने गड लढवायचा तर धान्याइतकंच पाणी लागतं. गडावरची अंधारबाव बघा. तीन मजली इमारत, वरून बघणाऱ्याला विहीर असल्याचा पत्ताही लागू नये अशी, आणि तळाशी काळोखात पाणी. महाराज बाहेर पडले ते आषाढाच्या पावसात, याच मसाई पठारावरून. दर जुलैत पोरं त्या वाटेनं पावनखिंडीपर्यंत चालत जातात. चिखलात घसरतात, जळवा उपटतात आणि घोषणा देतात.

पुढं गगनबावडा. तिथल्या पावसाबद्दल सगळेच लिहितात, मी धुक्यापलीकडे गेलो नाही. करूळ घाटाच्या तोंडाशी चहा प्यावा आणि परतताना पळसंब्याला उतरावं. ओढ्यातल्या अख्ख्या खडकांत माणसांनी देवळं कोरलीत आणि पाणी अजून त्यांच्या अंगावरून वाहतंय.

सातबाऱ्यावर अशा पठारांना बऱ्याचदा पोटखराबा म्हणतात. पिकत नाही ती खराब, हा महसुली हिशेब. मात्र पावसाला जे ॲल्युमिनियम नेता आलं नाही, ते न्यायला माणूस आला. जांभ्यात ते साठतं त्याला बॉक्साइट म्हणतात. राधानगरीतल्या दुर्गमानवाडला आणि शाहूवाडीतल्या धनगरवाडीला त्याच्या खाणी निघाल्या. ॲल्युमिनियम मलाही लागतं, माझ्या घरातला कुकर त्याचाच आहे, तेव्हा मी फार सोवळं बोलत नाही. एवढंच म्हणतो की हिशेब दोन्हीकडून लिहावा. किती टन निघालं हे लिहितात; खालच्या वाडीचा झरा मार्चपर्यंत चालायचा तो आता कधी आटतो, त्याचा रकाना कुठं दिसत नाही. जांभ्याचा थर एकदा काढला की पुन्हा भरून द्यायला माती टाकता येते, झाडं लावता येतात. भोकं मात्र पाडता येत नाहीत.

म्हणून पठार बघायचं तर मार्चमध्ये जा. फोटोला काही मिळणार नाही. जांभा तापून तांबडा-काळा झालेला, गवत वाळून मोडलेलं, सीतेची आसवं जमिनीत बी टाकून पसार झालेली. चप्पल घालूनच चाला. आणि धनगर मामानं सांगितल्याप्रमाणं खाली वाडीत उतरा. तिथं दगडी पन्हळीखाली बायका हंडे लावून नंबरानं उभ्या असतात. धार बोटाएवढी असते. हंडा भरायला वेळ लागतो, तेवढ्यात त्या तुमची पुरती चौकशी करून घेतात.