रोज रात्री शंभर टक्के

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे आक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्या धावपळीत इकडे फिरकणंच झालं नाही. पण त्या निमित्ताने आमच्या विजेच्या गाडीबद्दल थोडं शहाणपण आलं, ते लिहून ठेवावं म्हणतो. भाचेमंडळींपैकी दोघं-तिघं अशीच गाडी घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी तरी जरूर वाचावं.

गाडी घेतली २०२० च्या डिसेंबरात. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. दोष गाडीचा कमी आणि माझा जास्त आहे, हे पुढे येईलच. बॅटरी तीस युनिटची. (युनिट म्हणजे तेच, आपल्या वीजबिलातलं.) कागदावर एका चार्जिंगमध्ये तीनशेच्या वर किलोमीटर लिहिले होते. कागदावरचा आकडा कसा असतो हे आपल्याला ठाऊक असतंच. स्थळ बघताना मुलाचा पगार सांगतात, तसा. प्रत्यक्षात मला २१५ मिळायचे आणि मी त्यात खूश होतो. खूश असण्याचं कारण म्हणजे वाई.

आमची आक्का वाईला असते. वय ८४, एकटी, जुन्या घरात. पुण्यात ये म्हटलं तर "कृष्णा घेऊन ये तिकडे, मग येते" असं उत्तर. आमच्या दारापासून तिच्या दारापर्यंत बरोबर ९० किलोमीटर, जाऊन-येऊन १८०. म्हणजे पुण्यात गाडी भरली की वाईला जाऊन, जेवून, चार गप्पा मारून, मधे कुठेही न थांबता घरी. महिन्यातून दोनदा असा नेम. चिरंजिवांचं म्हणणं, "बाबा, आता या वयात हायवेवर गाडी चालवू नका, ड्रायव्हर देतो." मी म्हणायचो, गाडीला गिअर नाही, क्लच नाही, चालवायचं असतंच काय? हा मुद्दा लक्षात ठेवा.

शोरूममधल्या मुलाने गाडी देताना सांगितलं होतं, "काका, रात्री प्लग लावायचा, सकाळी शंभर टक्के. मोबाइलसारखं." मला ते इतकं पटलं की विचारू नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पुरानंतर पुण्यात पाण्याचे जे हाल झाले ते ज्यांनी पाहिले, त्यांच्या घरात पुढे जन्मभर एकही भांडं रिकामं राहिलं नाही. आमची आई तांबे-पितळ्या, घंगाळ, बादल्या, एवढंच काय, पण चहाची किटलीसुद्धा भरून ठेवायची. सकाळी ते शिळं पाणी ओतून पुन्हा ताजं भरायचं! तेच संस्कार. दिवसाला माझं फिरणं पंधरा किलोमीटर. मंडई, बँक, टेकडीचा पायथा. संध्याकाळी गाडी ९३ टक्क्यांवर यायची आणि मी रात्री इमानदारीत प्लग लावून ती पुन्हा शंभर करायचो. सलग चार वर्षं. शिवाय आमच्या सोसायटीत माझी जागा उघड्यावर, पश्चिमेकडे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर गाडी भरल्या पोटी उन्हात उभी.

वही मी पहिल्यापासून ठेवली आहे. (सौ. म्हणते, पेन्शनचा हिशेब असा ठेवला असता तर बरं झालं असतं.) चार्जिंगसाठी सोसायटीने वेगळा मीटर दिलाय, त्यामुळे किती वीज गेली ते कळतं. सुरुवातीला दहा टक्क्यांपासून शंभरपर्यंत भरायला ३० युनिट लागायचे. त्यातली काही वीज चार्जिंगमध्येच उष्णता होऊन जाते, ते धरून. २०२३ मध्ये तेच २८ वर आलं. मला वाटलं, वा, गाडी काटकसरी झाली! बिल कमी येतंय म्हणून सौ.ला कौतुकाने वही दाखवली. भांडंच लहान झालंय म्हणून पाणी कमी मावतंय, हे शाळेत मुलांना सहज शिकवलं असतं, पण स्वतःच्या वहीत दिसलं नाही.

गाडीच्या पडद्यावर "इतके किलोमीटर जाल" असा आकडा येतो, त्याच्यावर मी कधीच विसंबलो नाही आणि तुम्हीही विसंबू नका. आदल्या काही दिवसांत गाडी जशी चालवली त्यावरून केलेला तो अंदाजपंचे हिशेब असतो. चिरंजिवांनी एक दिवस गाडी नेली की दुसऱ्या दिवशी तो आकडा तीस-चाळीसने खाली. त्यामुळे तो कमी दिसू लागला तेव्हाही मी दोष चिरंजिवांना दिला.

आता २०२५ चा एप्रिल. आक्काच्या डोळ्याची तारीख पुण्यात ठरली, तिला आणायचं होतं. सकाळी शंभर टक्क्यांवर निघालो. खंबाटकीचा चढ, एसी चालू, सुरूरवरून आत वळून वाईला पोचलो तेव्हा ४६ टक्के. वाई पुण्यापेक्षा उंचावर आहे, म्हणजे येताना कमी लागणार, असा भूगोलाच्या मास्तराचा हिशेब. तो चूक नव्हता, पण वाईत आक्काला बँकेत जायचं होतं, मग औषधांच्या दुकानात, मग "आता आलोच आहोत तर" ढोल्या गणपतीला. निघालो तेव्हा ४२. मागे दोन बोचकी, एक पाट (पाट कशाला ते अजून कळलेलं नाही), आंब्याची पेटी आणि आक्का.

खेड शिवापूरला ९ टक्के. घर अजून पंचवीस किलोमीटर. गाडीने पडद्यावर लाल अक्षरं दाखवायला सुरुवात केली. मी एसी बंद केला. बाहेर भट्टी. आक्काने काच खाली केली, पदराने वारा घेत थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बैल दमला का रे?"

मंडळी, त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते. आक्काची काळजी नंतर आली. आधी आलं ते हे, की आता चिरंजिवांना कळणार. मुलगा म्हणणार, "मी सांगत होतो ना." गाडी जातेय आणि तिच्याबरोबर वाईही.

खरं म्हणजे हायवेवर चार्जिंगची सोय होतीच. तिथेच एका हॉटेलच्या आवारात यंत्र होतं. पण जलद चार्जिंगने बॅटरी खराब होते असं कुठेतरी वाचून मी चार वर्षांत एकदाही तिकडे वळलो नव्हतो! त्या दिवशी वळलो. एका बंदुकीला टॅक्सी लावलेली. दुसरीसाठी मोबाइलवर अ‍ॅप घ्या, ओटीपी टाका, पैसे आधी भरा. त्या टॅक्सीवाल्या मुलानेच सगळं करून दिलं. त्याची गाडी रोज याच यंत्रांवर भरते, ठणठणीत आहे म्हणाला. पाऊण तास आक्का आणि मी लिंबू सरबत पीत बसलो. ती म्हणाली, "घाईच आहे का काही?" नव्हतीच.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. मग मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली, मनातल्या मनात भांडणाची तयारी करून. बॅटरीवर आठ वर्षांची हमी आहे, तो कागद खिशात. तिथे डिप्लोमा झालेली एक चुणचुणीत मुलगी होती. तिने लॅपटॉप जोडला आणि सांगितलं, "आजोबा, ८७ टक्के शिल्लक आहे. हमी त्याच्या खूप खाली गेल्यावर लागू होते." मी घरी येऊन वही काढली. दहापासून शंभरपर्यंत २६ युनिट. तिसातले सव्वीस, म्हणजे ८७. पोरीचं गणित आणि माझी वही एकच सांगत होते.

तिने जे समजावलं आणि नंतर मी जे वाचलं ते माझ्या भाषेत असं. बॅटरी भरते-रिकामी होते तेव्हा लिथियमचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ये-जा करतात. त्यातले थोडे दर खेपेला ग्रॅफाइटच्या बाजूला एका पातळ थरात अडकून बसतात, दुधाच्या पातेल्याला खरवड लागते तसे. खरवडीत गेलेलं दूध पुन्हा पेल्यात येत नाही. हा थर सुरुवातीला भराभर वाढतो, मग त्याचाच आडोसा होऊन वेग मंदावतो. पण दोन गोष्टींनी तो जोमाने वाढतो, एक उष्णता आणि दुसरी म्हणजे बॅटरी काठोकाठ भरलेली असणं. मी दोन्ही एकत्र करत होतो. "शंभर करणं वाईट नाही, आजोबा, शंभर करून उन्हात उभी ठेवणं वाईट." जलद चार्जिंग अधूनमधून केलं तर काही बिघडत नाही, हेही तिने सांगितलं. म्हणजे मी नको तिथे सोवळं पाळत होतो!

उन्हाचा हा धडा जगाने आधीच घेतला होता. निसान कंपनीची लीफ ही गाडी २०१० च्या अखेरीस अमेरिकेत आली. २०१२ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्ससारख्या रखरखीत गावांतून तक्रारी सुरू झाल्या, की दोन वर्षांच्या आतच पल्ला बराच घटला. त्या गाडीत बॅटरी थंड ठेवायला पाणी फिरवायची सोय नव्हती, नुसती हवा. पुढे कंपनीने क्षमता घटण्यावरही हमी दिली. पुण्याचं फिनिक्स व्हायला आता फार वेळ उरलेला नाही, असं उन्हाळ्यात टेकडीवरून पाहिलं की वाटतं. असो.

अजून एक गंमत. माझ्या गाडीची बॅटरी लोह-फॉस्फेटची आहे. ही जात शोधली जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, टेक्सासमध्ये, १९९० च्या दशकात. या गुडइनफना २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा त्यांचं वय ९७ होतं. (चिरंजीव, वाचताय ना?) या जातीचा गुण असा, की ती अर्धी असो की पाऊण, तिचा दाब जवळजवळ तेवढाच राहतो. आपला गॅसचा सिलिंडर संपेपर्यंत ज्योत तशीच राहते आणि पाहुणे आल्यावर भप्पकन विझते, तसं. त्यामुळे आत किती आहे हे गाडीलाच नीट कळत नाही. मधूनमधून पूर्ण भरली की तिचा हिशेब जुळतो. म्हणून या बॅटरीला "कधीच शंभर करू नका" हा नियम लागू नाही. दुसरी जात असते निकेल-मँगनीज-कोबाल्टची, तिला रोजच्यासाठी ८० वर थांबवणं बरं. भाचेमंडळींनी गाडी घेताना आपली जात कुठली ते विचारून घ्यावं. जात विचारायची ही एकच जागा मला मान्य आहे.

तर आता आमचा नेम बदलला. रोज प्लग नाही. तिसावर आली की ऐंशीपर्यंत भरायची, ते साधारण सहा दिवस पुरतं. उन्हातून आल्या-आल्या प्लग लावायचा नाही, रात्री उशिरा लावायचा. शंभर फक्त वाईच्या आदल्या रात्री, तेही असं मोजून की पहाटे पुरी व्हावी आणि लगेच निघावं. तासाला साधारण तीन युनिट जातात, त्यावरून वेळ काढता येते. सावलीची जागा मिळाली. शेजारच्या बिऱ्हाडाची स्कूटर माझ्या जागेवर, माझी गाडी त्यांच्या छपराखाली. बदल्यात त्यांच्या नातवाला आठवड्यातून दोनदा मराठी व्याकरण. सुरुवातीला ऐंशीवर प्लग काढताना हात अडखळायचा, अर्धवट सोडल्यासारखं वाटायचं. सौ.ने एकदा विचारलं, "जेवताना नाही का दोन घास कमी खात?" तिचा मधुमेहाचा आहार मीच मोजून वाढतो, त्यावर काय बोलणार.

गेलेले तेरा टक्के परत येत नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं, तेच २६ भरलं. एवढ्यावरून छाती फुगवण्यात अर्थ नाही, सहा महिने म्हणजे काहीच नाही. एक उन्हाळा जाऊ दे, मग वही बोलेल.

चिरंजिवांना मी स्वतःच सगळं सांगितलं. तो रागावला नाही. "आधी का नाही सांगितलं?" एवढंच म्हणाला. तेच पुढे आक्कानेही विचारलं, पण तिने त्याहून मोठी गोष्ट केली. तिच्या घरची वायरिंग जुनी, अर्थिंगचा पत्ता नाही, म्हणून तिथे गाडी लावायचा विचार मी कधी केलाच नव्हता. दिवाळीच्या आधी मी गेलो तर अंगणात तुळशीपलीकडे खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून बुजवलेला आणि ओसरीवर पंधरा अँपिअरचा नवा कोरा प्लग. मीटरपासून वेगळी जाड वायर. माणूस तिनेच शोधला, त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसून काम करून घेतलं. नव्या डोळ्याने वायरचा रंग बरोबर दिसत होता म्हणे.

चार तास गाडी लावली की बारा युनिट जातात. म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के. जेवण, झोप आणि चहा एवढ्यात होतं. निघताना मी शंभर रुपये देवघरातल्या डबीत ठेवतो. घरी येऊन पिशवी उघडतो तेव्हा ते लाडवांच्या डब्याखाली घडी करून ठेवलेले असतात.