वऱ्हाडातील पांढरी दुपार

थंडीची आवड असलेल्या माणसाने वऱ्हाडात जन्मावे, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची! ज्यांनी अकोल्याचा वैशाख काढला आहे, त्यांस याचा अधिक खुलासा नको. आम्हांस मात्र हा छंद लहानपणापासून जडलेला. दिवाळी सरली, की ओसरीवरील उष्णतामापकाशी आमची सलगी सुरू होते. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरास पारा 3.5 अंशांवर उतरला, तेव्हा अमरावतीस आमच्या घरची मंडळी शाली पांघरून कुडकुडत होती. प्रसन्न असे आम्ही एकटेच! दहिवर गोठलेले पाहावयास मिळेल या आशेने चिखलदऱ्याचा घाट आम्ही पहाटेच्या अंधारात चढलो आहोत.

परंतु हिमवर्षाव आपल्या नशिबी नाही. आपल्याकडे आकाशातून गोठून येतात त्या गारा. संस्कृतात त्यांस करका किंवा वर्षोपल, म्हणजे पावसाचे दगड, असे नाव आहे आणि ते फार समर्पक आहे. हिम हे ढगातील वाफेचे शांतपणे बनलेले स्फटिक. गार ही झोटिंगाची पोर. माघ-फाल्गुनात जमीन दुपारी तापते, बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येतात आणि वर वायव्येकडील थंड, कोरडी हवा असते. मग ढग उंच चढतो, आणि वर जाणाऱ्या झोतात पाण्याचे थेंब गोठत, एकावर एक थर चढवीत, अखेर वजनाने खाली कोसळतात. गार कापून पाहिल्यास आत कांद्यासारखी वलये दिसतात. ऐन पावसाळ्यात हवा बऱ्याच उंचीपर्यंत उबदार असल्याने गारा बहुधा वाटेतच विरघळतात.

2014 साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर गारपीट झाली, ती वाचकांच्या स्मरणात असेलच. आमची संत्र्याची लहानशी बाग मोर्शीकडे आहे. त्या दुपारी आम्ही तेथेच होतो. पाव घटकेत सारे शिवार पांढरे झाले. जन्मभर ज्या दृश्याची वाट पाहिली ते समोर उभे होते, आणि ते सुंदर होते, हे आम्ही नाकारीत नाही. मुलांनी पातेली भरून गारा आणल्या. तेवढ्यात सालदार बांधावरून आला. मृगबहाराची फळे चिखलात पडली होती, आंबियाचा मोहोर झडला होता. तो म्हणाला, "मालक, झाडं त उभी हायत, पन सालटं सोललं गेलं."

त्या वाक्याचा अर्थ आम्हांस पुढील दोन वर्षांत कळला. सोललेल्या सालीतून बुरशी आत शिरते. म्हणून मोरचूद व चुन्याचा लेप प्रत्येक बुंध्यास द्यावा लागला. तरीही काही झाडे वाळलीच. शेजारच्या शेतातील हरभरा व गहू तर कापणीस आलेला, आडवा झाला. काकू त्या रात्री जेवल्या नाहीत. मुलांनाही कोणी रागावले नाही.

11 फेब्रुवारी 2018 रोजी विदर्भात पुन्हा गारा पडल्या. तोवर पीकविम्याची नवी योजना आली होती; गारपिटीची खबर 72 तासांत द्यावी लागते, एवढे घरातील प्रत्येकास आता पाठ आहे. ढगाच्या पोटात हिरवट झाक दिसली, की आम्ही अजूनही गच्चीवर धावतो. मात्र जिना चढता चढता मोर्शीस फोन लावलेला असतो.